तिसरी हाक

फानेसी मुखुना आमच्या टेकडीवर नव्याने आलेल्या माणसाला आधी दिसत नाही. आधी ती ऐकू येते.

शाळेवर बदलून आलेल्या नव्या बाईंचंही तसंच झालं. जूनचे दिवस होते, चिपेरोनीचं दाट धुकं उतरलेलं होतं, आणि चहाच्या मळ्यातून शाळेकडे जाणारी पायवाट चार पावलांपुढे दिसत नव्हती. बाई एका हातात छत्री धरून, दुसऱ्या हाताने कपडे सावरत जपून चालल्या होत्या. तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी बोलावं तसा एका म्हातारीचा आवाज आला, "ये, ये! आत ये! उघडंच आहे!"

बाई दचकून थांबल्या. त्यांनी कुणालाच हाक दिली नव्हती.

"मी नाही हाक मारली, आजी," त्या धुक्याकडे तोंड करून म्हणाल्या. "मी शाळेत चालले आहे."

"मग शाळा उजव्या हाताला," आवाज म्हणाला. "निलगिरीचं झाड लागेल, तिथून उतार धरा. आणि काही खाल्लं नसेल तर आत या. तुरीच्या शेंगा उकडल्यात."

शाळेत पोचल्यावर बाईंनी हे सांगितलं तेव्हा बाकीचे मास्तर हसले. "फानेसी आजी ती. तिच्या दारात हाकेच्या आधी उत्तर मिळतं." मग एकेक जण हसायचा थांबला आणि हजेरीपट शोधू लागला. नव्या बाईंनी त्या दिवशी पुढे काही विचारलं नाही. गोष्ट त्यांना पुढे महिनाभरात तुकड्यातुकड्यांनी कळली, टेकडीवर सगळ्यांना कळली तशीच.

आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं की बाहेरून 'ओडी' म्हणायचं. आतून 'ये' आलं तर आत जायचं. नाही आलं तर थांबायचं, पुन्हा म्हणायचं, आणि तिसऱ्यांदाही आतून काही आलं नाही तर निघून जायचं. दार लोटून आत शिरणारा माणूस चोर तरी असतो नाही तर दारू प्यायलेला. आणि जे घर आपलं, तिथे कुणी ओडी म्हणत नाही. लेकरू शाळेतून येतं ते 'आई, भूक!' म्हणतच चुलीपाशी पोचतं.

धुक्यालाही आमच्या बोलीत दोन शब्द आहेत. सकाळी दरीतून वर येतं, उन्हं चढली की विरून जातं, ते नुसतं धुकं. त्याला कुणी मनावर घेत नाही. चिपेरोनी वेगळी. ती मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत कधीही येते, तीन-तीन, पाच-पाच दिवस मुक्काम ठोकते, तिच्यात धुकं असतं, बारीक भुरभुर असते, आणि हाडात शिरणारी थंडी असते. सरहद्दीपलीकडे, मोझांबिकमध्ये, त्या नावाचा एक डोंगर आहे. तिथून ती येते असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पावसाळा सरल्यावर आभाळ धुतलेलं असलं की थ्योलो जिल्ह्यातल्या आमच्या टेकडीवरून तो डोंगर निळसर दिसतो.

फानेसीने तरुणपणी त्या डोंगराला भरपूर शिव्या दिल्या. ती मळ्यात चहा खुडायची. चिपेरोनीत पानं ओली, टोपली जड, बोटं बधिर. ओळीत एकमेकींना हरवू नये म्हणून बायका एकमेकींना ओरडून काही ना काही सांगत राहायच्या, आणि त्यात फानेसीचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. "त्या डोंगराला काही कामधंदा नाही का? आमच्याच पाठीवर येऊन बसतो मेला!" तिच्या शेजारची एलुबी पलीकडच्या ओळीतून ओरडायची, "पाठीवर बसायला तुला दुसरं कुणी मिळत नाही, म्हणून तोच बसतो!" मुकादमालासुद्धा हसू यायचं.

एलुबीची थट्टा बोचरी होती, पण खोटी नव्हती. फानेसीचा नवरा खोकल्याच्या दुखण्याने लवकर गेला होता. मुलगी मालिता तेव्हा रांगत होती. दुसरं मूल नाही. आमच्याकडे घर मुलीचं असतं. मुलगे मोठे झाले की बायकोच्या गावी नांदायला जातात. मुलगी आईच्या अंगणात राहते, तिथेच तिचं घर उभं राहतं, तिची मुलं त्याच चुलीवर वाढतात. फानेसीच्या घराण्याची वात म्हणजे एकटी मालिता होती. अंगणाच्या उगवतीकडचा तुकडा फानेसीने तिच्या घरासाठी मोकळा ठेवला होता. तिथे ती भोपळ्याचा वेलसुद्धा चढू द्यायची नाही.

मालिताने नवरा निवडला तो नेमका त्या डोंगराच्या पायथ्याचा. आडेलिनो नाव. सरहद्दीपलीकडून वाळवलेल्या घेवड्याची पोती घेऊन बाजाराला यायचा. बोली आमचीच, फक्त अधूनमधून पोर्तुगीज शब्द टाकायचा आणि स्वतःच लाजायचा. फानेसीचा धाकटा भाऊ वायसन, म्हणजे मालिताचा मामा, त्याच्याशी बोलायला बसला. मामाचा होकार आला आणि आडेलिनो इथे नांदायला आला.

जावयाने सासूशी तोंडावर बोलायचं नाही ही आमची रीत. आडेलिनो ती इतकी पाळायचा की कोंबडीकडे बघून म्हणायचा, "कुणी सांगेल का, आज विटा पाडायला माती कुठली घ्यायची?" आणि फानेसी त्याच कोंबडीला सांगायची, "ओढ्याकाठची घे म्हणावं, वरची भुसभुशीत आहे." एलुबी म्हणायची, "या कोंबडीला आता दोन्हीकडून पगार द्या." फानेसीला जावई आवडला होता. मोकळ्या तुकड्यावर भिंती खांद्याएवढ्या उभ्या राहिल्या. पत्रे तेवढे यायचे होते.

मग पलीकडून निरोप आला. आडेलिनोची आई अंथरुणाला खिळली होती. तिची एकुलती मुलगी आधीच वारली होती. आईचं करायला दुसरं कुणी नव्हतं. आडेलिनोने भिंतींवर गवत पसरून त्या झाकल्या. मालितानेही आपलं गाठोडं बांधलं.

"तू कशाला?" फानेसीने विचारलं.

"त्याची आई आहे, आई. बाईमाणसाशिवाय तिचं कोण करणार? बरी झाली की येऊ."

"मुलगी कधी नवऱ्याच्या गावी जाते का? लोक मला काय म्हणतील? की फानेसीच्या घरात खायला नव्हतं, म्हणून पोर गेली?"

"लोकांचं मी काय करू?"

फानेसीला तेव्हा राग आला, आणि रागाखाली भीती होती. भीती दाखवण्यापेक्षा राग दाखवणं तिला सोपं वाटलं. ती म्हणाली, "जा. पण ऐकून जा. इथून गेलीस की तू पाहुणी. परत येशील तेव्हा कुंपणाबाहेर उभी राहा, ओडी म्हण, आणि मी ये म्हटलं तरच आत पाऊल टाक."

"अगं, मुलगी आहे ती तुझी," एलुबी कुंपणावरून म्हणाली. "सरकारी माणूस नाही."

"तू तुझी चूल बघ."

निघताना मालिताने आईला दोन्ही गुडघे टेकून नमस्कार केला, तो मात्र नीट केला.

त्यानंतर चिपेरोनी आली की फानेसीने शिव्या देणं बंद केलं. हे पहिल्यांदा एलुबीच्या ध्यानात आलं. धुकं दरीतून वर सरकू लागलं की फानेसी हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघत राहायची. मालिता जिथे आहे तिथून हे आलं आहे, एवढंच तिच्या मनात असायचं. पण ते तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

पुढे घेवड्याचा एक व्यापारी निरोप घेऊन आला. "तुमच्या मालिताला मुलगी झाली."

"कोण मालिता?" फानेसी म्हणाली.

व्यापारी बिचारा ओशाळून निघाला. तो निलगिरीपाशी पोचला असेल तेव्हा तिने मागून ओरडून विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"फानेसी!" तो तिथूनच ओरडला.

ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

रीतीप्रमाणे मुलीचं बाळंतपण आईने करायचं, निदान बाळ बघायला तरी आईने जायचं. फानेसी बोलावण्याची वाट बघत बसली. तिकडे मालिता, आई आपणहून येते का, याची वाट बघत असणार. फानेसीने बाजारातून एक जाड घोंगडी आणली, राखाडी रंगाची, लाल काठाची. कागदात गुंडाळून आढ्याला टांगून ठेवली.

"कुणासाठी गं?" एलुबीने विचारलं.

"हिवाळ्यासाठी."

"आणि अंगावर ती जुनी विरलेली?"

"तुला काय करायचंय?"

पुढच्या जुलैत ती सकाळ आली. चिपेरोनीचा तिसरा दिवस होता. अशा दिवसांत सगळी घरं दारं लावून चुलीभोवती बसतात. धूर बाहेर गेला नाही तरी चालेल, पण ती थंडी आत यायला नको. फानेसी दाराकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत होती. बाहेरून आवाज आला.

"ओडी."

शेंग तिच्या हातातच राहिली. आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही. जिने त्या आवाजाचं पहिलं रडणं ऐकलं होतं तिला काय वेळ लागणार? पण तो शब्द तिला लागला. माझ्याच दारात माझीच पोर ओडी म्हणते! हे आपणच सांगितलं होतं, हे तिला आठवलं, आणि तरीही वाटलं, आता पुढची हाक 'आई' अशी येईल. एकदा आई म्हणू दे. मग मी उठते.

बाहेर शांतता होती. कुंपणाच्या गवतावरून पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"ओडी," आवाज दुसऱ्यांदा आला. या वेळी जरा बारीक.

फानेसी उठली. तिचा राग तोवर संपलाही होता. तो तिथेच, शेंगांच्या टोपलीपाशी संपला, हे तिने पुढे एलुबीला शपथेवर सांगितलं. पण ती दाराकडे गेली नाही. तिने चुलीत दोन लाकडं सारली, कारण बाहेरून येणाऱ्याला शेक हवा असतो. आढ्याची घोंगडी खाली काढली. डोक्याचं फडकं नीट बांधलं, म्हणजे आपण रडत नव्हतो असं दिसावं. अजून एक हाक बाकी होती. तिसऱ्या हाकेला 'ये' म्हणायचं, आणि असं म्हणायचं की पोरीला मागचं सगळं विसरायला व्हावं. तो 'ये' तिच्या ओठांवर तयार होता.

तिसरी हाक आली नाही.

तिने दार उघडलं. पुढ्यात पांढरं, दुसरं काही नाही. "मालिता!" ती ओरडली. खालून, की उजवीकडून, एका लहान मुलाचा खोकला ऐकू आला. ती त्या दिशेने धावली आणि चहाच्या झुडपांमध्ये कंबरेपर्यंत अडकली. वळून दुसरीकडे गेली. आता खोकला वर, टेकडीच्या बाजूला वाटला. चिपेरोनीत आवाजाला दिशा नसते. जन्मभर मळ्यात ओरडत काम केलेल्या बाईला हे माहीत होतं, पण पाय ऐकत नव्हते. तिचं ओरडणं ऐकून मळ्यात छाटणी करणाऱ्या बायकांना वाटलं, कुणाला साप चावला.

ती सडकेवर पोचली तेव्हा घोंगडी हातातच होती, ओली होऊन जड झालेली. केळी विकणारा म्हातारा पोतं पांघरून बसला होता. तो म्हणाला, "पाठीला मूल बांधलेली एक बाई आत्ताच मालाच्या ट्रकमध्ये बसून गेली."

"कुठे?"

"गाडीचा आवाज तेवढा ऐकला, बाई. वर गेली का खाली, ते मला कुठलं दिसायला?"

फानेसी हेच धरून चालली की मालिता डोंगराकडेच परतली. दुसरीकडे कुठे जाणार? धुकं उठल्यावर वायसनला बरोबर घेऊन तीही निघाली. सरहद्द ओलांडून, लोकांना विचारत विचारत, चिपेरोने डोंगराच्या पायथ्याच्या त्या वाडीत दोघं पोचली. आडेलिनोची आई अंगणात बसून मका सोलत होती. जिच्यासाठी मालिता गेली होती ती म्हातारी ठणठणीत होती.

फानेसीने कुंपणाबाहेरून ओडी म्हटलं.

"या, या!" म्हातारी उठलीच. "तोंडवळ्यावरूनच कळलं. मालिताची आई ना तुम्ही? बसा. कशी आहे माझी सून? नातीचा खोकला थांबला का?"

वायसनने बहिणीकडे बघितलं. मग त्यानेच विचारलं, "ती इथे नाही?"

"इथे? इथे आता तिचं काय आहे? पावसात आडेलिनो तापाने गेला. कळवायला माणूस पाठवला होता, तो पूर आला म्हणून अर्ध्या वाटेतून परतला. मीच तिला म्हटलं, पोरी, तू तुझ्या आईकडे जा, आपल्यात मुलीचं घर आईपाशीच असतं. तर म्हणते, आई घरात घेईल का कुणास ठाऊक. मी म्हटलं, वेडी आहेस, कुठली आई घेत नाही?" म्हातारीने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "का हो? पोचली नाही का ती?"

फानेसीने जमिनीवर सांडलेला एक दाणा उचलून टोपलीत टाकला.

"पोचली," ती म्हणाली. "पोचली होती."

त्या दिवशी तिथे स्वच्छ ऊन होतं. डोंगर डोक्यावर उभा होता, जवळून काळपट, झाडीने भरलेला. निघताना फानेसीने म्हातारीला विचारलं, "तुमच्याकडे या धुक्याला काय म्हणता?"

"धुकं म्हणतो. समुद्राकडून येतं ते. का?"

"आमच्याकडे चिपेरोनी म्हणतात."

"चिपेरोने तर हा डोंगर," म्हातारी नवलाने म्हणाली.

परतीच्या वाटेवर वायसन म्हणाला, "ताई, कुठेतरी असेलच ती. देवाच्या पाठीमागे तर गेली नाही."

"असेल," फानेसी म्हणाली. "कुठेतरी असेल, आणि आई आत बसली होती तरी बोलली नाही, हे तिथे मनात घेऊन असेल."

दोघांनी पुष्कळ शोधलं. लिंबे शहराच्या बाजारात, खालच्या खोऱ्यातल्या उसाच्या मळ्यांवर, नात्यातल्या प्रत्येक घरी. रेडिओवर नाव सांगून झालं. चर्चमध्ये सांगून झालं. कधी कुणी म्हणायचं, अमुक ठिकाणी तशी एक बाई भाजलेली कणसं विकताना दिसली, आणि वायसन जाऊन बघून यायचा. वायसन थकला, मग वारला. अंगणातल्या खांद्याएवढ्या भिंती पावसाने खचत खचत गुडघ्यापर्यंत आल्या.

त्या वर्षीपासून फानेसी चिपेरोनीत दार लावत नाही. पायवाटेवर पाऊल वाजलं, फांदी मोडली, शेळी खाकरली, तरी ती आतून ओरडते, "ये, ये! आत ये!" हाकेची वाट ती बघत नाही. पोरं आधी तिची नक्कल करायची. मग वाट चुकलेली दोन पोरं तिच्या आवाजावरून घरी पोचली, आणि नक्कल बंद झाली. आता मोठी माणसंसुद्धा धुक्यात तिच्या घराजवळून जाताना मुद्दाम खोकतात, की तिने ओरडावं आणि आपण कुठे आहोत ते कळावं. तिला याचं काही नाही. प्रत्येक वेळी ती दारापर्यंत उठून येते, कोण आहे ते बघते, आणि "तू होय," म्हणून मागे वळते. ते 'तू होय' ऐकणाऱ्याला घरी गेल्यावरही आठवत राहतं.

थंडी तिच्या छातीत बसली आहे. दवाखान्यातल्या माणसाने दार लावून झोपायला सांगितलं. एलुबीने तर भांडण काढलं.

"वेडे, ती आता येईल ती तरुण नातीला घेऊन येईल. ती पोर काय दार ठोठावू शकणार नाही?"

"तिला ठोठावायला लागू नये."

"आणि तोवर तू मेलीस म्हणजे?"

"तरी दार उघडंच राहील ना."

एलुबी रडायला लागली, आणि रडता रडता तिने शिव्याही दिल्या. त्यानंतरच्या चिपेरोनीत वारा सुटला आणि आधाराला ठेवलेला दगड सरकून दार आपोआप लागलं. फानेसीला चुलीपाशी डुलकी लागली होती. जागी झाली तेव्हा दार बंद होतं, आणि किती वेळ बंद होतं ते तिला कळेना. त्याच सकाळी तिने कोयत्याने बिजागऱ्या उचकटल्या.

फानेसी अजून त्याच घरात एकटी राहते. दाराच्या जागी एक जुनं कापड आहे, तेही मे ते ऑगस्ट बाजूला खोचलेलं असतं. लाल काठाची घोंगडी कागदात गुंडाळून आढ्याला आहे. दार एलुबीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेलं आहे.